ही बॅग कुणी भरली?



आज आम्ही बोलणार आहोत परदेशी जाताना बॅगेत काय भरावं याबद्दल. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आपल्यासाठी कशाला? पण जरा आजूबाजूला बघा. कुणाची लेक नवऱ्याबरोबर अमेरिकेत आहे, कुणाचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. कुणी सासू-सासऱ्यांना घेऊन उमराहला निघालं आहे, कुणाचा महिला मंडळाचा जथा बुद्धाचं जन्मस्थान बघायला नेपाळात लुंबिनीला चालला आहे. पाचही तालुक्यांतून, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथहून आता बाया परदेशी जातात. त्यातल्या पुष्कळ जणींचा विमानाचा तो पहिलाच प्रवास असतो. काही जणी तर एकट्या जातात, कारण घरी म्हशी आहेत, शेती आहे, आणि घरधन्याला निघता येत नाही.

विमानतळावर सामान देताना काउंटरवरची मुलगी साधारण दोन प्रश्न विचारते. ही बॅग तुम्ही स्वतः भरली का? आणि कुणी तुमच्याजवळ द्यायला म्हणून काही दिलं आहे का? प्रश्न साधे वाटतात. पण आपल्या घरातलं चित्र आठवा. बॅग मुलगा आणतो, सून भरते, जाऊ त्यात डबे कोंबते, नणंद रात्री दहा वाजता एक पुडकं घेऊन येते, आणि कुलूप दीर लावतो. जिच्या नावाचं तिकीट आहे, ती स्वयंपाकघरात धपाटे भाजत असते. मग ती काउंटरवर काय सांगणार? बॅगेवर जी चिठ्ठी लागते तिच्यावर तिचं नाव छापलेलं असतं. तिकडे उतरल्यावर अधिकाऱ्यानं बॅग उघडली, तर उत्तर तिलाच द्यावं लागतं. दीर, नणंद, जाऊ सगळे हिंगोलीत.

म्हणून आज एकच गोष्ट मनावर ठसवायची आहे. आपली बॅग आपण भरायची. आणि ज्या वस्तूचं नाव आपल्याला सांगता येत नाही, ती बॅगेत ठेवायची नाही.

सुरुवात पुडक्यापासून करू. २०१९ साली मुंबईहून एक जोडपं कतारला फिरायला गेलं. निघताना जवळच्या नात्यातल्या एका बाईनं तिकडे कुणाला तरी द्यायला म्हणून त्यांच्याजवळ पुडकं दिलं. दोहाच्या विमानतळावर ते उघडलं तेव्हा आतून सुमारे चार किलो चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना फसवलं गेलं होतं, हे आपल्याकडच्या तपासात पुढे आलं, आणि २०२१ मध्ये ते सुटून घरी आले. पण तोवर पावणेदोन वर्षं परक्या देशातल्या तुरुंगात गेली होती. पुडकं देणारी बाई नात्यातली होती, म्हणूनच त्यांनी ते उघडून पाहिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे चरस कोण देतंय? बरोबर आहे. आपल्याकडे देतात ते लाडू, मसाला, शेजारणीच्या मुलाची औषधं. पण त्या अधिकाऱ्याला शेजारीण माहीत नसते. त्याला दिसते ती कागदात बांधलेली पूड. तेव्हा कुणी काही दिलं तर अगदी मोकळेपणानं म्हणायचं, "वहिनी, राग मानू नका, पण तिकडे मला विचारतात. उघडून बघते आणि मीच पुन्हा बांधते." ज्याला उघडू द्यायचं नाही, त्याचं पुडकं घ्यायचं नाही. नातं थोडं दुखावलं तरी चालेल. नात्यातल्या माणसाची समजूत परत आल्यावर घालता येते.

आता वानोळ्याकडे येऊ. आपली बाई लेकीकडे रिकाम्या हातानं जात नाही. आणि लेकीच्या बाळंतपणाला निघाली असेल, तर अर्धी बॅग लाडवांनीच भरलेली असते. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, अळीव, मेथी. बाळंतिणीला याच्याइतकं चांगलं काय असणार? पण या सहा जिनसांतल्या दोन जिनसांनी प्रवासात घोटाळा होतो.

पहिली खसखस. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, अनारशाला लावतात, काळ्या मसाल्यात घालतात, शिऱ्यावर भुरभुरतात. पण संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई-अबुधाबीत, सौदी अरेबियात, कतारमध्ये आणि सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थाच्या कायद्यात मोडते. थोडीशीच आहे, खाण्यापुरती आहे, असं सांगून सुटका होत नाही. ज्या मैत्रिणी हज किंवा उमराहला जातात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अमेरिकेला जाणाऱ्यांनीही ठेवावं, कारण आपल्याकडून जाणारी कितीतरी विमानं दुबईला किंवा दोहाला थांबून पुढे जातात. तेव्हा मसाला घरी कुटला असेल तर त्यात खसखस आहे का हे आठवा. असेल तर तो मसाला घरच्यांना ठेवा आणि नेण्यासाठी बिनखसखशीचा वेगळा कुटा. अनारसे न्यायचेच असतील तर तीळ लावा.

दुसरं सुकं खोबरं. ओटीच्या सामानात खोबऱ्याची वाटी हवीच असं आपण मानतो. पण सुक्या खोबऱ्यात तेल फार असतं, ते तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमानाच्या नियमांत ते धोक्याच्या मालात धरलेलं आहे. तपासणी यंत्रात वाट्या दिसल्या की बॅग बाजूला काढतात आणि वाट्या बाहेर ठेवतात. कापूर आणि काडेपेटीचंही तेच. ही सगळी पेटणारी वस्तू. देवपूजेसाठी कापूर तिकडच्या भारतीय दुकानात मिळतो. खोबरंही मिळतं. म्हणून आमचं म्हणणं असं की डिंक, खारीक, मेथी इकडून न्या, आणि लाडू तिकडे गेल्यावर लेकीच्या स्वयंपाकघरात वळा. ताजे होतील आणि घरभर वास सुटेल. त्या वासानंही लेकीला बरं वाटेल.

आता धान्य. आपला जिल्हा सोयाबीन, हरभरा, हळदीचा. घरचं आहे म्हणून दोन किलो हरभरा, चार किलो तांदूळ बॅगेत टाकावेसे वाटतात. अमेरिकेला जात असाल तर टाकू नका. आपल्याकडे कोठारात खपरा भुंगेरा नावाची कीड होते. पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत ती खाण्याशिवाय महिनोन् महिने जगते. तिकडच्या सरकारला तिची धास्ती आहे. म्हणून ही कीड असलेल्या देशांतून प्रवाशाच्या सामानातून तांदूळ, हरभरा, करडई आणि सोयाबीन यांचे दाणे नेऊ देत नाहीत. करडई, सोयाबीन, हरभरा. जणू आपल्या रानाची यादीच वाचली. यात आपल्या मालाला नावं ठेवायचा प्रश्न नाही, किडीचा प्रश्न आहे. बोंडअळीनं काय केलं ते आपण पाहिलंच आहे, तेव्हा दुसऱ्या शेतकऱ्याची भीती आपल्याला कळायला हवी.

ताजा कढीपत्ता, ताजी फळं, बी-बियाणं, रोपं, माती लागलेले हळदीचे कंद, हेही नको. कुणी शेतातली चिमूटभर माती आठवण म्हणून नेतात. बहुतेक देशांत माती आत येऊ देत नाहीत. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. अमेरिकेत उतरताना गुराढोरांच्या जवळ होता का, शेतावर गेला होता का, असा प्रश्न असतो. आपल्या दारात म्हैस आहे, आपण सकाळीच तिची धार काढून निघालो आहोत, तर उत्तर "हो" असंच द्यायचं. घाबरायचं काही नाही. फक्त शेतात घातलेल्या चपला नेऊ नका. न्यायच्याच असतील तर तळवे ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून न्या.

ब्रिटन आणि युरोपातल्या देशांत जाणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. तिथे आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, घरचं तूप नाही, खव्याच्या पोळ्या नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर सगळ्यांत कडक. तिथे लाकडी पोळपाट-लाटणंसुद्धा आहे म्हणून सांगावं लागतं. न्यूझीलंडमध्ये न सांगता खाण्याची चीज आत नेली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

मग न्यायचं तरी काय? पुष्कळ आहे. दळलेली हळद, तिखट, येसर, बिनखसखशीचा काळा मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, खारोड्या, जवसाची आणि कारळाची कोरडी चटणी. हळदीबद्दल तर आपण मान ताठ करून बोलावं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. लेकीच्या शेजारणीला द्यायला याहून चांगली भेट नाही. मात्र नेताना सुटी, कागदात बांधलेली नेऊ नका. बाजारात पिवळा रंग चढवलेली हळदही विकतात. त्या रंगात शिसं असू शकतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. घरच्या हळकुंडांची, समोर दळून घेतलेली किंवा बचत गटाची पाकीटबंद हळद घ्या. पाकिटावर नाव, तारीख आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक असला की कुठल्याही अधिकाऱ्याला समजतं की हे काय आहे. आपल्या गटातल्या बायांनी बांधलेलं पाकीट परदेशातल्या टेबलावर ठेवलं जातं, हीही काही लहान गोष्ट नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. खाण्याचं काही जवळ आहे का, असं विचारलं तर "आहे" म्हणा. आपल्या बाया इथेच घाबरतात. "नाही म्हण म्हणजे सुटशील," असं कुणीतरी शिकवून पाठवलेलं असतं. हा सल्ला ऐकू नका. "आहे" म्हणून दाखवलं, आणि ती वस्तू चालत नसली, तर अधिकारी ती काढून टाकतो आणि तुम्हाला जाऊ देतो. जास्तीत जास्त एक डबा जाईल. "नाही" म्हटलं आणि बॅगेतून निघालं, तर तो खोटेपणा ठरतो. अमेरिकेत त्यासाठीचा दंड दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. चटणी गेली तर पुन्हा कुटता येते.

बॅगेतल्या सगळ्या खाण्याची यादी दोन भाषांत लिहा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. हळद म्हणजे टर्मरिक, तिखट म्हणजे चिली पावडर, शेंगदाण्याची चटणी म्हणजे पीनट चटणी. नातवाकडून किंवा शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा. एक प्रत पर्समध्ये ठेवा. इंग्रजी बोलता आलं नाही तरी कागद पुढे करता येतो. दहा-बारा शब्द पाठ केले तर आणखी चांगलं.

आता औषधं. इथे चूक परवडत नाही. आपल्या गोळ्या कायम हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मोठी बॅग दोन दिवस उशिरा पोचली तर बीपीची गोळी कुठून आणणार? इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत ठेवूच नका, विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. ज्या पट्टीवर नाव छापलेलं असतं त्याच पट्टीत राहू द्या. बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, इंग्रजीत, गोळीच्या कंपनीचं नाव नव्हे तर औषधाचं मूळ नाव लिहिलेली. जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांच्या आणि वर थोड्या जास्त घ्या. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरती औषधं स्वतःसाठी नेलेली चालतात.

काही औषधांचं मात्र खसखशीसारखंच आहे. झोपेच्या आणि भीती कमी करण्याच्या काही गोळ्या, जसं अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रामाडोल, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही आखाती देशांत आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. सिंगापूरमध्येही यातल्या काहींना परवानगी लागते. आपल्याकडे खोकल्याची बाटली कुणीही कुणाला देतं. बाटलीवर काय लिहिलंय ते औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घ्या. आणि शेजारणीच्या मुलाची औषधं न्यायची वेळ आली, तर चिठ्ठी त्या मुलाच्या नावाची आणि पट्टी दुकानातली, असं असेल तरच विचार करा. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेलं चूर्ण नेऊ नका. त्याचं नाव तुम्हालाही सांगता येणार नाही.

बाळासाठी काजळ नेताय? अमेरिकेत काजळ-सुरम्याला परवानगी नाही, कारण अशा डब्यांत शिसं सापडलेलं आहे. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरी तिकडेही मिळते.

ज्या मैत्रिणींना मिश्री लावायची सवय आहे, त्यांच्याशीही बोलायला हवं. आम्हाला माहीत आहे की हे कुणी उघड सांगत नाही. मग ती डबी साड्यांच्या घडीत लपवली जाते आणि नेमकी तिथेच सापडते. सिंगापूरला तर चघळायची तंबाखू, गुटखा यांना सरळ बंदीच आहे. प्रवास ठरल्यापासून मिश्री थोडी थोडी कमी करायला घ्या. आशाताईंशी बोला. परदेशवारीच्या निमित्तानं ती सुटली, तर त्याहून मोठी कमाई नाही.

कपड्यांचं सांगू. आपला पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, म्हणून थंडी म्हणजे काय याचा आपल्याला अंदाज येत नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कोलकात्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. साडी सोडायची नाही हा त्यांचा निश्चय होता. पण तिकडच्या थंडीत नऊवारीनं पोटऱ्या आणि कंबर उघडी पडते हे लक्षात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला घेतली. साडी राहिली आणि अंगही झाकलं. तोच शहाणपणा आपण घ्यावा. साडीच नेसायची असेल तर खुशाल नेसा, पण आत लोकरीची पँट आणि पूर्ण बाह्यांचा गरम बनियन घाला. पायमोजे हवेत, बंद बूट हवेत, कानाला बांधायला स्कार्फ हवा. जोडवी मोज्यात टोचतात, पातळ जोडवी घाला. मोठा कोट इकडे विकत घेऊ नका, तिकडे लेकीचा असतो. नव्या चपला-बूट प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पंधरा दिवस आधी घरात घालून मोकळे करा.

दागिने कमीत कमी न्या. मंगळसूत्र आणि कानातलं पुरे. जास्त सोनं नेणार असाल तर पावत्या आणि फोटो जवळ ठेवा. जाताना विमानतळावरच्या कस्टमच्या टेबलावर ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र मागून घ्या. नाहीतर परत येताना हे सोनं तिकडे घेतलं की इकडचंच आहे, असा प्रश्न उभा राहतो. आपलंच स्त्रीधन, पण कागद नसेल तर सिद्ध कसं करणार? विमानतळावर झडती घ्यायची वेळ आली तर बाईची झडती बाईच घेते, पडद्याआड. घाबरू नका.

आता हातातली पिशवी. पाणी, तेल, लोणचं, तूप, क्रीम हे पातळ प्रकार हातातल्या पिशवीत १०० मिलीलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत. तिखटाची पूड आणि लोणचं तर हातात घेऊच नका. कात्री, अडकित्ता, विळी, सुई-सुया, लाटणं हे सगळं मोठ्या बॅगेत, विळीच्या पात्याला जाड कापड गुंडाळून. उलट फोन चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही. ती हातातच ठेवायची.

हातातल्या पिशवीत हे हवं: औषधं, चष्मा आणि जास्तीचा चष्मा, एक साडी किंवा ड्रेस, आतले कपडे, पाळी येणाऱ्या मैत्रिणींनी पॅड, शाल, कोरडं खाणं. म्हणजे मोठी बॅग हरवली तरी दोन दिवस निघतात. आणि एक लहान कापडी चंची शिवून घ्या, कमरेला किंवा गळ्यात, साडीच्या आत बसेल अशी. तिच्यात पासपोर्ट, थोडे पैसे, आणि एक कागद. त्या कागदावर लेकीचं किंवा मुलाचं नाव, पत्ता, दोन फोन नंबर इंग्रजीत. फोनची बॅटरी संपते, पण कागद बंद पडत नाही.

पासपोर्टबद्दल एक विनंती. तो तुमच्याच जवळ ठेवा. "बाबांकडे असू दे, मुलाकडे असू दे" असं म्हणू नका. रांगेत ताटातूट होते, माणसं पुढे-मागे होतात, आणि ज्याच्याजवळ पासपोर्ट नाही तो तिथेच थांबतो. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने बाकी असावी, पुष्कळ देश तसं मागतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माहेरचं नाव, सासरचं नाव यात आपला गोंधळ होतो, तो तिकीट काढण्याआधीच मिटवा.

नेपाळला जाणाऱ्या मैत्रिणींना पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. पण मूळ कार्ड घ्या, झेरॉक्स नव्हे. खर्चाला शंभरच्या आणि त्याहून लहान नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटांचे तिकडचे नियम बदलत आले आहेत.

वजनाचं सांगू. किती किलो चालतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं. कुठे तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा, कुठे एकूण किलो. एक बॅग ३२ किलोच्या वर कुठेच घेत नाहीत, कारण ती उचलणाराही माणूसच असतो. घरात काटा नसेल तर मोंढ्यात जाऊन बॅग तोलून या, हसतील तर हसू द्या. तिथं हसलेलं परवडतं. विमानतळावर रांगेसमोर बॅग उघडून साड्या आणि डबे बाहेर काढायची पाळी आली की रडू येतं. ठरलेल्या वजनाहून दोन किलो कमीच भरा.

आणि त्या वजनातला पहिला वाटा स्वतःचा. आपली रीत उलटी आहे. आधी लेकीचं, मग जावयाचं, मग नातवाचं, मग शेजाऱ्यांचं, आणि उरलेल्या कोपऱ्यात आपल्या दोन साड्या. मग तिकडे तीन महिने थंडीत कुडकुडत, लेकीचे जुने स्वेटर घालून काढायचे. तसं करू नका. बॅग उघडली की आधी आपले गरम कपडे, आपले बूट, आपली औषधं, आपलं वाचायचं किंवा विणायचं काही. ते बसलं की मग वानोळा. आजारी पडलेली आई लेकीच्या काय कामाची? आणि लेकीला वानोळा हवा असतो हे खरं, पण त्याआधी तिला आई हवी असते, धडधाकट.

आपल्याकडून परदेशी विमानांचा विमानतळही जवळ नाही. हैदराबाद गाठायचं तर पूर्णा, नांदेड करत जावं लागतं, मुंबईला तर रात्रभराचा प्रवास. म्हणून विमानाची वेळ बघून एक दिवस आधी पोचायचं धरा. बॅग भरायला आठ दिवस आधी बसा. निघायच्या आदल्या रात्री काहीही नवीन आत घालायचं नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बॅगेला लाल कापडाची पट्टी बांधा, सगळ्या काळ्या बॅगा सारख्याच दिसतात. किल्ली चंचीत ठेवा. जाण्याआधी विमान कंपनीचे आणि त्या देशाचे त्या वेळचे नियम मुलांकडून एकदा बघून घ्या, कारण ते बदलतात.

मैत्रिणींनो, आठ दिवस घरच्या सगळ्यांनी मदत करावी, पण बॅगेतली प्रत्येक वस्तू तुमच्या हातानं आत गेलेली असावी. डबा तुम्ही उघडून पाहिलेला असावा, पूड तुम्ही ओळखलेली असावी, कुलूप तुम्ही लावलेलं असावं. मग काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मावशी, ही बॅग कुणी भरली?" तर इकडेतिकडे न बघता सांगता येईल, "मी भरली."

तुमचा प्रवास सुखाचा होवो. लेकीला, नातवंडांना आमचाही नमस्कार सांगा.